येडी छत्री आणि धावड्याचे पाहुणे

छत्री विकायची म्हणजे दुसऱ्याच्या घरातला जीव आपल्या टोपलीत घेऊन बसायचं. मेथी किडकी निघाली तर गिऱ्हाईक चार शिव्या देतं आणि पुढच्या वेळी दुसरीकडून घेतं. छत्री चुकीची निघाली तर शिव्या द्यायला गिऱ्हाईक उरेलच असं नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथे हे शिकवत नव्हते. कुंभार पिंपळगावच्या बाजारात चाळीस पावसाळे बसून शिकले.

पुस्तकात अळंबी म्हणतात तिला आम्ही छत्री म्हणतो. पावसाची झड लागून मग दोन दिवस उघडीप पडली की ती वारुळावर उगवते. टोपीला मधोमध टोक असतं, खालचे पदर पांढरे असतात आणि देठ जमिनीत खोल गेलेला असतो. उपटली तर वीतभर मूळ निघतं. मूळ दिसलं की मी निर्धास्त. पण आमची काळी माती चिकट, मूळ पुष्कळदा आतच तुटतं. मग देठ बोटांत दाबायचा आणि थोडं थांबायचं. दाबलेल्या जागी निळं चढलं तर फेकून द्यायची. माझ्या आत्याने मेंढरांमागे हिंडताना मला हे दाखवलं. हे वाचून कोणी रानात जाऊ नये. छत्री वाचून ओळखता येत नाही. मला हाताने ओळखायला सात-आठ वर्षं लागली आणि तरी काय झालं ते पुढे सांगतेच.

वाईट छत्र्यांना लोक सरसकट कुत्र्याची छत्री म्हणतात. त्यांतही जाती आहेत. एक जात मारते, आणि तीही सावकाश. खाल्ल्यावर दिवसभर माणूस ठणठणीत असतो, मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि तोवर आतलं सगळं कामातून गेलेलं असतं. दुसरी नुसतं पोट बिघडवते. तिसरी शेणात उगवते, जनावरं बसतात त्या जागी. तिचाच देठ निळा पडतो. तिला मी येडी छत्री म्हणते. ती खाल्ली की माणूस पाच-सहा तास असतो आपल्या समोरच, पण असतो भलतीकडेच. आमच्याकडच्या गुराख्यांना ती ठाऊक होती आणि ते तिच्या वाटेला जात नसत.

बाजारात माझ्या टोपलीतली छत्री कोणी उलटी करून पाहत नसे. वाटा उचलायचा, पदरात घ्यायचा आणि जायचं. दुसऱ्या बाया कधीमधी छत्री घेऊन बसत, त्यांना लोक दहा प्रश्न विचारत. मला कोणी विचारत नसे. मी कमावलं असेल तर एवढंच, आणि मी तेच घालवायला निघाले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमच्या गावची कौसा माझ्याकडे आली. कौसा म्हणजे माणिकरावाची बायको. माणिकराव गावातलं वजनदार माणूस, मोठा बागाईतदार. बाजारातही त्याच्या शब्दाला किंमत. त्यांच्या वर्षाला बघायला दुसऱ्या दिवशी भोकरदनकडचे, धावड्याचे पाहुणे येणार होते. कौसाची अडचण अशी होती की श्रावणात मटण करता येत नाही आणि नुसत्या वरण-भातावर लांबच्या पाहुण्यांना कसं वाटेला लावायचं. अशा वेळी आमच्याकडे छत्रीचं कालवण करतात. तोच काळा मसाला, तेच भाजलेलं खोबरं. चांगलं जमलं तर खाणाऱ्याला पुन्हा विचारावं लागतं की हे नक्की काय आहे.

कौसा म्हणाली, "मावशी, मोठाल्या नको मला. कळ्या कळ्याच द्या. पाव्हण्यांच्या दाताखाली मऊ लागल्या पायजेत."

मी सकाळी गायरानातल्या वारुळाकडे गेले. वारुळाला लागूनच गुरं बसायची जागा आहे. कळ्यांत मोठी भानगड अशी की टोपी उघडलेली नसते, खालचे पदर दिसत नाहीत. त्यात माती चिकट, मुळं तुटत होती. मी एकेक देठ दाबून, थांबून, बघून टोपलीत टाकला. एकही सोडला नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. दोन मोठे वाटे कौसाला नेऊन दिले, उरलेल्या घरी आणून ओल्या फडक्याखाली ठेवल्या.

दुपारी दोनच्या सुमारास कौसाचा फोन आला.

"मावशी, जल्दी या. मान्सं हसून राह्यली."

मी म्हणाले, पाहुणे हसतात तर चांगलंच आहे, हसू दे.

"अवं, आमचे हे हसून राह्यले."

मग मात्र मी चप्पल घातली. माणिकरावाला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं. स्वतःच्या लग्नातही तो पंचनामा लिहिल्यासारखा बसला होता.

आमच्याकडे पाहुणे आले की आधी पुरुषांची पंगत बसते आणि बाया मागून जेवतात. त्या दिवशी ह्या रिवाजाने बायांना वाचवलं. मी पोचले तेव्हा घरातल्या आणि शेजारच्या मिळून सात-आठ बाया स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि ओसरीकडे बघत होत्या. ओसरीवर तीन माणसं होती. माणिकराव, मुलाचा बाप रंगनाथराव आणि मुलाचा मामा.

रंगनाथराव जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीचा माणूस. तो सतरंजीवर पालथा पडून तिच्या नक्षीवरून बोट फिरवत होता आणि माणिकरावाला सांगत होता की ही नक्षी चालते आहे, आणि नुसती चालत नाही, रांगेने चालते आहे. माणिकराव डोळे पुसत हसत होता. मधेच थांबून होणाऱ्या व्याह्याला गंभीरपणे म्हणाला, "इवाई, आपुन किती वर्सं झालं इथं बसून राह्यलो?" रंगनाथरावाने विचार करून चार सांगितली. कौसा दारातून म्हणाली की आत्ता तर ताटं उचलली, अर्धा-पाऊण तास झाला. ते ऐकून दोघं पुन्हा हसायला लागले.

मी आधी कौसाला विचारलं की खाल्ल्यापासून सुरू व्हायला किती वेळ गेला. ती म्हणाली, पानावरून उठले आणि हात धुताधुताच रंगनाथरावाला तांब्यातलं पाणी फार सुंदर दिसायला लागलं. माझा जीव थोडा खाली बसला. मारणारी जात एवढ्या लवकर काही करत नाही. मी प्रत्येकाचे डोळे पाहिले. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळे दिसत होते. येडी छत्री. शंकाच नव्हती.

कौसा रडकुंडीला आली होती. तिने मला तिचं जोडवं दाखवलं. कालवणात चांदीचं जोडवं टाकायचं, काळं पडलं तर छत्री विषारी, चकचकीत राहिलं तर चांगली, असं तिच्या माहेरी करत. जोडवं चकचकीत होतं. असली जोडवी मी आयुष्यभर पाहत आले आहे. चांदीला छत्रीतलं काही कळत नाही. मारणाऱ्या छत्रीतूनही जोडवं तसंच चकचकीत बाहेर येतं. लोकांना हे सांगून माझी जीभ झिजली.

गावातला डॉक्टर आला. तरुण पोरगा, पण शहाणा निघाला. त्याने नाड्या बघितल्या, मी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं, कुठेतरी फोन करून खात्री केली. म्हणाला, ह्यांना मोकळं सोडू नका, विहिरीकडे जाऊ देऊ नका, त्यांच्याशी वाद घालू नका, प्रत्येकाजवळ एक माणूस बसवा. मी सकाळपर्यंत इथेच आहे.

आता बसायला माणसं हवीत. मुलगा अमोल शुद्धीत होता, कारण त्याला छत्री आवडत नाही. त्याने दही-भाकरी खाल्ली होती आणि त्याबद्दल बापाने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. वर्षाने तर काहीच खाल्लं नव्हतं. जिला बघायला आलेले असतात तिच्या घशाखाली काय उतरणार? मग तिच्या बापाला ती धरून बसली, त्याच्या बापाला तो. माणिकराव उठून अंगणात जाई, निंबाच्या झाडाला नमस्कार करी, वर्षा त्याला धरून आणी. तोवर रंगनाथराव उठे. साडी नेसून, पाट मांडून, खाली मान घालून जो कार्यक्रम व्हायचा होता त्याऐवजी ती दोघं पदर खोचून आणि बाह्या सारून बाप गोळा करत होती. मधे एकदा दोघं दमून पायरीवर बसली तेव्हा तिने त्याला विचारलं, "तुमचे पप्पा नेहमी असेच गोड बोलतात का?" तो म्हणाला, "न्हाई. आज पहिल्यांदा बोलले."

त्यातच रंगनाथरावाला खरं बोलायची हुक्की आली. ह्या छत्रीने तसंही होतं, माणूस आतलं बाहेर काढतो. तो माणिकरावाचा हात हातात घेऊन म्हणाला, "इवाई, माझ्या पोटात एक गोष्ट हाय. पोरगा पुण्याला नोकरीला हाय असं सांगितलं आम्ही. त्यानं नोकरी सोडली. गावात शेळ्या पाळून राह्यला. मला लाज वाटत होती. आता का वाटत होती तेच समजंना."

दारातल्या बाया कौसाकडे बघायला लागल्या. माणिकरावाने फार वेळ विचार केला. मग म्हणाला, "आमची वर्षा पंचवीसची न्हाई. सत्ताविसावं सरलं." आणि दोघं गळ्यात पडले.

वर्षा मागे उभी होती. कौसाने कपाळाला हात लावला. पण मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते. पुण्याच्या दोन खोल्यांत जायचं नाही म्हणून ती आईशी महिनाभर भांडत होती, हे मला ठाऊक होतं. शेळ्यांचं ऐकून तिचं तोंड उजळलं. तिने अमोलला हळूच त्यांची जात विचारली, "उस्मानाबादी का?" तो म्हणाला, "तीस हायत."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसलेही. पण मामाचं सांगायचं राहिलं. मामा पहिल्यापासून भिंतीला टेकून बसला होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. मग तो थरथर कापायला लागला. त्याला वाटलं आपण मेलो आहोत आणि ही माणसं आपल्या दहाव्याला जमून हसत आहेत. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो मला विचारी, "मावशी, मी गेलो का?" मी म्हणायची, नाही गेलास, हा बघ तुझा हात, हा माझा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीन तास मी त्याचा हात धरून बसले. घामाने भिजलेला, थंड हात होता. ज्या छत्रीने दोन व्याही लहान पोरांसारखे खेळले, तिनेच तिसऱ्याला मसणात नेऊन बसवलं. एकाच पातेल्यातलं कालवण. म्हणून ज्याला ही गोष्ट नुसती मौजेची वाटते त्याला मी मामाचं आधी सांगते.

दिवेलागणीला सगळे हळूहळू भानावर आले. थकलेले होते, पण धड होते. माणिकरावाचं तोंड पुन्हा पंचनाम्याचं झालं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गिरजाबाई, उद्यापास्नं छत्रीची टोपली घेऊन बाजारात बसायचं न्हाई. मी बसू देणार न्हाई."

मी ताठ उभी राहिले. म्हणाले, माझी छत्री नव्हती. मी एकेक देठ दाबून बघितला आहे. तुमचा गोठा मागेच आहे, शेणाचा ढीग तिथेच आहे. कालवण कमी पडेल म्हणून तुमच्याच घरातून कोणीतरी चार कळ्या उचलून टाकल्या असतील. असं म्हणून मी कौसाकडे बघितलं. पाहुण्यांसमोर. माणिकरावाने तिच्याकडे बघितलं, रंगनाथरावाने बघितलं, आणि ती पाण्याचे तांबे उचलून आत गेली.

मी घरी आले. सुनीताला, म्हणजे माझ्या सुनेला, सगळं तणतणत सांगितलं. ती ऐकता ऐकता उरलेल्या कळ्या फडक्याखालून काढून सुपात ओतत होती. मधेच थांबली.

"आत्याबाई, ह्या निळ्या कशानं झाल्या?"

मी म्हणाले, कुठे निळ्या? मातीचे डाग आहेत.

"माती न्हाई. निळ्या हायत. चांगल्या निळ्याशार. समद्या न्हाई, ह्या सात-आठ."

मी सूप तिच्या हातातून घेतलं आणि दिव्याखाली नेलं. मला मळकट डाग दिसले. डोळे चोळून बघितलं. मळकट डागच. सुनीताने तिची एक बांगडी पुढे केली आणि हिचा रंग सांगा म्हणाली. मी काळी सांगितली. तिने सूप माझ्या हातातून काढून घेतलं, त्यावरूनच मला कळलं.

दोन वर्षांपासून मला सगळं चहातून बघितल्यासारखं पिवळट दिसत होतं. सुनीता डोळे दाखवा म्हणून मागे लागली होती. मी म्हणत होते, मला सुईत दोरा ओवता येतो, डोळ्यांना काय धाड भरली आहे. सुई पांढरी आणि दोरा काळा, तो ओवता येणारच. ज्या एका रंगावर माझा सगळा धंदा उभा होता तेवढाच माझ्या डोळ्यांतून गेला होता. मी प्रत्येक देठ दाबला होता, थांबले होते आणि बघितलं होतं. फक्त मला दिसलं नव्हतं.

सकाळी मी ते सूप घेऊन माणिकरावाच्या घरी गेले. दोन्ही व्याही ओसरीवर चहा पीत होते. मी सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं की छत्री माझीच होती, मला निळा दिसत नाही, कौसाने काही केलेलं नाही. मी रडले-बिडले नाही. चूक सांगायची तर सरळ सांगावी, तिला पाणी लावू नये.

रंगनाथराव मिशांत हसला. म्हणाला, "बाई, काल माझ्या तोंडून जे निघालं ते एरवी लग्नानंतर निघालं असतं आन् भांडण झालं असतं. सोयरीक पक्की झाली आमची."

माणिकराव म्हणाला, "सोयरीक जमली ती जमली. टोपली बंद ती बंद."

मी म्हणाले, बराबर आहे. आणि ते खरंच बरोबर होतं. कळ्यांत सात-आठ मारणाऱ्या असत्या तर त्या ओसरीवर तिरड्या बांधल्या असत्या. कौसा आत भाकरी थापत होती. मी दारातून तिला हाक मारली. भाकरी थापायचा आवाज थांबला नाही.

त्या आठवड्याला मी बाजारात गेले, पण रिकाम्या हाताने. माझ्या जागेवर उभी राहून ओळखीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की माझ्या डोळ्यांनी दगा दिला, मी आता विकत नाही, तुम्हीही माहितीच्या माणसाशिवाय घेऊ नका. काही बायांना वाईट वाटलं. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं की माणिकराव हसला ती छत्री अजून थोडी शिल्लक आहे का, त्याचा मुलगाही फार रागीट आहे.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत दोन मोटारसायकलींवर शहरातली तीन तरणीताठी पोरं माझ्या दारात आली. केस वाढवलेले, बोलायला अदबशीर. आजी, आम्हाला ती छत्री पाहिजे, आम्हाला आतला प्रवास करायचा आहे म्हणाली. मी विचारलं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला आलात, आत तर तुम्ही घरीच होता. मग सांगितलं की ती शेणात उगवते आणि आमचा उकिरडा हलवायचाच आहे. दुपारपर्यंत त्यांनी सगळा उकिरडा उपसून शेताच्या कडेला नेऊन टाकला. त्यात छत्री नव्हती, ऊन लागलेल्या उकिरड्यात ती नसते. नंतर मी त्यांना ताक दिलं, मामाची गोष्ट सांगितली आणि असली छत्री जवळ बाळगली तरी पोलीस धरून नेतात हेही सांगितलं. ताक मात्र त्यांनी दोन-दोन तांबे प्यायलं.

त्यानंतर संभाजीनगरच्या एका कॉलेजातल्या बाई आल्या. त्यांचा अभ्यासच छत्र्यांचा. खाली बसून त्यांनी मला सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. आपण काही मोठ्या आहोत असं त्यांच्या वागण्यात नव्हतं. मग मी त्यांना विचारलं की ह्या येड्या छत्रीचं मूळ काय.

त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रापलीकडे मेक्सिको म्हणून देश आहे. तिथल्या डोंगरातल्या खेड्यांत शेकडो वर्षांपासून ही छत्री औषध म्हणून खातात. कोणी आजारी पडलं, कोणाचं माणूस हरवलं, की जाणत्या बाईकडे जायचं. ती छत्री देते, गाणी म्हणते आणि सगळं उतरेपर्यंत शेजारी बसून राहते. मग गोरे लोक राज्य करायला आले. त्यांच्या पाद्र्यांनी हे सैतानाचं काम ठरवून बंद केलं. बायांनी ते लपूनछपून चालू ठेवलं. सत्तर वर्षांपूर्वीच्या सुमारास एक परदेशी साहेब अशाच एका जाणत्या बाईकडे बसला आणि परत जाऊन त्याने मासिकात लिहिलं. मग लोंढाच लागला. कोणाला बरं व्हायचं नव्हतं, सगळ्यांना बघायचं होतं. गावाने त्या बाईला दोष दिला आणि तिचं घर जाळलं.

इथे मी चहाचा कप खाली ठेवला. तिने काय चूक केली होती असं विचारलं. बाई म्हणाल्या, पाहुण्याला नाही म्हटलं नाही, एवढीच.

पुढे शास्त्रज्ञांनी छत्रीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मग सरकारांनी बंदी घातली, आणि आता पुन्हा काही देशांत डॉक्टर ते तपासत आहेत. मन फार खचलेल्या माणसांना दवाखान्यात मोजून-मापून देतात, आणि देताना दोन माणसं सबंध वेळ शेजारी बसवतात. ते ऐकून मला बरं वाटलं. एवढी मोठी यंत्रं असूनही शेवटी शेजारी माणूस लागतंच. मामाजवळ मी बसले होते ते काही वाया गेलं नव्हतं.

निघताना बाईंनी मला विचारलं की तुम्ही स्वतः कधी खाऊन पाहिली नाही का. मी म्हणाले, मला खरं बोलायला छत्री लागत नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन हिवाळ्यात जालन्याला झालं. एकेक करून दोन्ही डोळे. डॉक्टरने सांगितलं की मोतीबिंदू पिकत आला की निळा रंगच आधी मळतो. पट्टी काढल्यावर मी पहिल्यांदा खिडकीतून आभाळ बघितलं आणि मला राग आला. एवढं सगळं दोन वर्षं उगाच बुडवलं होतं. घरी येऊन पाहते तर सुनीताच्या बांगड्या मोरपंखी होत्या, आमचं दार आकाशी होतं, आणि माझं स्वतःचं तोंड आरशात सुकलेल्या चिंचेसारखं होतं. ते आधी बरं दिसत होतं.

उन्हाळ्यात वर्षाचं लग्न झालं. पत्रिका आली, मी गेले. रंगनाथरावाने सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या पाया पडायचं नाटक केलं आणि जेवणात काय आहे ते आधी ह्या बाईला विचारा म्हणाला. वऱ्हाड हसलं. मामाही हसला, पण थोडा लांबूनच. कौसा मला कुंकू लावून लगेच पुढच्या बाईकडे वळली.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा टोपली भरली. मोठ्या, उघडलेल्या, मुळासकट निघालेल्या तेवढ्याच घेतल्या. एकही कळी नाही. बाजारात माझ्या जागी फडकं पसरून वाटे लावले. माणिकराव येऊन लांब उभा राहिला. त्याने मनाई केली नाही आणि परवानगीही दिली नाही. लोक येत होते, वाकून बघत होते, माझी तब्येत विचारत होते आणि पुढे जात होते. दुपार झाली, एक वाटा हलला नव्हता. मी मनात ठरवलं की संध्याकाळी हे सगळं घरी नेऊन खायचं आणि उद्यापासून शेवग्याच्या शेंगा विकायच्या.

तेवढ्यात कौसा आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. वर्षभरात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आजूबाजूच्या बाया हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. कौसाने एक छत्री उचलली, उलटी केली, मूळ बघितलं, देठ दाबला आणि थांबली. अगदी मी थांबायची तशी. मग ती खाली ठेवून तिने आपला पदर माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"मावशी, काठाचा रंग सांगा."

"निळा. आत बारीक हिरवी रेघ हाय."

"आन् ब्लाऊज?"

"तोही निळाच घातलास, पर दुसरा. दोन्हीचं जरासुद्धा जमत न्हाई. घरातून निघताना कोणी सांगितलं न्हाई का तुला?"

शेजारची मिरचीवाली फिस्सकन हसली. कौसाने पदराकडे बघितलं, मग ब्लाऊजकडे बघितलं. ओठ घट्ट दाबून धरले, पण ते काही टिकलं नाही.

"दोन वाटे टाका," ती म्हणाली. "आन् पुन्यांदा माझ्याकडं बोट दाखवायचं न्हाई."

मी दोन वाटे तिच्या पिशवीत टाकले. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या होत्या. त्यांतली पहिली तिचा पदर पुढे करायला लागली तेव्हा मी म्हणाले, तुझा लाल आहे, तो मला आधीही दिसत होता, तू वाटा उचल.